आमच्यात कुणी गेलेलं नाही

"...तर ती मगर माझ्या मांडीवर डोकं टेकून घोरायला लागली. आणि मला आली तंबाखूची तल्लफ. डबी कोटाच्या खिशात, अन् खिशावर मगरीचा जबडा. मी काय केलं असेल?"

"तिला उठवलं," वैजू म्हणाली.

"झोपलेल्या मगरीला उठवतात होय? मी तिच्या कानात हळूच अंगाई म्हणायला लागलो..."

"मगरीला कान नसतात, रंगूआजा. दिसतच नाहीत. आमच्या बाईंनी सांगितलंय."

"तुमच्या बाईंनी झोपलेली मगर पाहिलीय का? झोपली की बाहेर काढते ती."

वैजू हसली आणि हसताहसता तिनं छातीवर हात ठेवला. एवढ्यात सिस्टर ओरडली, "वैजयंता बोराडे! कोण आहे वैजयंता?" आणि मगर तशीच घोरत राहिली.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी होती ती. होळीचा दिवस. दुपार कलली होती आणि माणसं नुसती ओतत होती. कुणाच्या डोळ्यात रंग गेलेला, कुणी मोटरसायकलवरून पडलेला, एक जण होळीची लाकडं तोडताना स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलेला. त्यात आमची पोर बाकावर बसून ग्लुकोजची बिस्किटं खात होती. तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, ही कुणाला तरी भेटायला आलीय.

सकाळी शाळेत खो-खो खेळताना ती पडली होती. तिचा बाप निवृत्ती, म्हणजे माझा भाचा, शेतावर होता. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला. त्या दिवसांत माझी वडापाची, म्हणजे भाड्यानं माणसं वाहायची, जीप होती, आणि मी सणासाठी बहिणीच्या गावी आलेलो होतो. निवृत्तीची आई ती माझी थोरली बहीण, अक्का. आम्ही तिघांनी पोरीला जीपमध्ये घातलं आणि आलो. वैजूची आई घरी पुरणाला बसली होती. अक्कानंच तिला सांगितलं, "तू नको येऊ, सणाचं सगळं अडेल. काही नाही झालं पोरीला. ऊन लागलंय."

आत पडद्याआड एक तरुण डॉक्टरीण होती. देवस्थळी नाव. डोळ्यांखाली काळं, केस सुटलेले, पण बोलायला गोड.

"काय गं, कुठं दुखतं? बोटानं दाखव."

वैजूनं बोट नाही दाखवलं. सगळा पंजाच छातीवर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी एकेक बरगडी दाबून बघितली. "इथं? इथं दुखतं?"

"गुदगुल्या होतात."

"खोकला? ताप? कुणी मारलं, लागलं? जेवण केल्यावर जळजळतं?"

सगळ्याला नाही.

"मग दुखतं कधी?"

"पळताना. थांबलं की थांबतं."

बाईंनी मान वर केली. "आज पडलीस तेव्हा काय झालं?"

"पाय अडकला तिचा," निवृत्ती म्हणाला.

"मी तिला विचारतेय."

वैजूनं बापाकडे बघितलं, मग छताकडे. "पाय अडकला."

आता मी जन्मभर थापांवर जगलेला माणूस. तालुक्यात कुठं लग्न असलं की जेवणं झाल्यावर लोक म्हणायचे, रंगनाथ मामाला बोलवा, त्याचं वाघाचं होऊ द्या. अस्सल थापाड्याला दुसऱ्याची कच्ची थाप लांबूनच वासावर कळते. मी तिच्या जवळ सरकलो.

"वैजे, मगर मांडीवर झोपली तेव्हा मला तिचे दात दिसत होते. तुला पडताना जमीन दिसली का?"

ती बिस्किटाचा कागद चुरगाळू लागली.

"खरं सांगितलंस तर पुढची गोष्ट सांगीन."

"नाही दिसली," ती पुटपुटली. "काळं झालं. मग बाई पाणी मारत होत्या. पण शनिवारी तालुक्याची मॅच आहे आजा, हे मला खेळू देणार नाहीत."

निवृत्तीनं कपाळाला हात लावला. अक्का म्हणाली, "उपाशी पळत असंल. चहा पिऊन शाळंत जातीय ती."

 डॉक्टरीणबाईंनी वैजूला उकिडवं बसवलं, छातीला नळी लावली, ऐकलं. मग म्हणाल्या, "आता पटकन उभी राहा." पुन्हा ऐकलं. पुन्हा बसवलं, पुन्हा उभी केली. वैजूला खेळच वाटला तो. बाहेर कुऱ्हाडवाला बोंबलत होता आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या, जत्रेत हरवलेल्या माणसाची हाक ऐकावी तशा.

मग छातीला तारा चिकटवून कागदाची पट्टी काढली. ती पट्टी बाईंनी खिडकीशी नेऊन दोनदा बघितली.

"काही आहे का?" निवृत्तीनं विचारलं.

"पट्टी थोडी वेगळी दिसतेय. पण मुलांची कधीकधी अशी येते. उभी राहिली की आवाज वाढतो असं मला वाटतंय, पण इथं इतका गोंधळ आहे..." त्या थांबल्या. "मला एक नीट सांगा. तुमच्या घराण्यात लहान वयात कुणी अचानक गेलं आहे का? पळताना, पोहताना, काम करताना? भाऊ, चुलता, आजोबांचा भाऊ, कुणीही?"

"नाही," निवृत्ती म्हणाला.

"घाई करू नका. आठवा."

"आठवायचं काय त्यात? आमचं घराणं दणकट. माझा बाप मोट ओढायचा. आजा नव्वदीत गेला. आमच्यात असं कुणी गेलेलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. हे मला आजही कुणाला समजावून सांगताना दम लागतो. त्याच्या डोळ्यात बघितलं असतं तर तुम्हीही शपथेवर सांगितलं असतं की हा माणूस खरं बोलतोय.

मी अक्काकडे बघितलं. ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्रातलं गुटगुटीत बाळ बघत होती.

तेवढ्यात पडदा सरकवून एक मोठे डॉक्टर डोकावले. पोट पुढं, हातात चहाचा कप. "काय देवस्थळी, अजून हीच केस? पोरांच्या छातीत काय असतंय? परीक्षा जवळ आल्या की कुणाच्या पोटात दुखतं, कुणाच्या छातीत. एक गोळी द्या, पाठवा घरी. बाहेर रांग बघा."

"सर, पळताना दुखतंय. शुद्ध हरपली होती. मला इको करून घ्यावा वाटतोय."

"आज? होळीच्या दिवशी कुलकर्ण्यांना घरून बोलवणार? घराण्यात काही आहे?"

"नाही म्हणताहेत."

"मग परवा करा." आणि चहा हलू न देता ते गेले. ती त्यांची खुबी होती, मानलं पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी निवृत्तीला समजावलं. हृदयाची सोनोग्राफी करायची आहे, ती करणारे डॉक्टर आज सुट्टीवर आहेत, परवा सकाळी घेऊन या. तोवर पळायचं नाही, खेळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत.

"आणतो की परवा," निवृत्ती म्हणाला. त्याच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं.

"अन् उद्या?" वैजू म्हणाली. "उद्या वीर माझ्या हातात आहेत!"

"ते खेळणं न्हाई," अक्का म्हणाली. "ते देवाचं आहे. देवाच्या कामात काही होत नसतं."

"काय आहे उद्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

निवृत्तीनं अभिमानानं सांगितलं. आमच्याकडं धुळवडीला वीर काढतात. घराण्यातले जे वीर झाले त्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असतात. ते खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात बांधून घरातलं पोर हातात घेतं आणि हलगीपुढं नाचत नदीवर अंघोळीला नेतं. दरवर्षी चुलतभावाचा मुलगा न्यायचा, तो आता मुंबईला गेला. "मला मुलगा नाही. म्हणून यंदा म्हटलं, वैजूच्या हातात देऊ. गावात नावं ठेवतील, ठेवू द्या. पोरीनं हट्टच धरला."

"किती नाचायचं?"

"नदीपर्यंत. वीर अंगात खेळले की थांबवत नसतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नको. तिला नका नाचवू."

"बघू," निवृत्ती म्हणाला. आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळत नाही.

मी उठलो. गुडघे कटकटले. "बाई, त्या टाकांत कोण आहे ते विचारा."

"रंग्या," अक्का म्हणाली. लहानपणी विहिरीच्या काठावरून मला हाक मारायची तसा आवाज.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"तिघं आहेत. एक निवृत्तीचा चुलत आजा. बैलगाडीच्या शर्यतीत बैलांबरोबर पळता पळता खाली बसला, तो उठलाच नाही. मिसरूड नव्हतं फुटलं. दुसरा निवृत्तीचा चुलता. विहिरीवर मोट धरून होता, नाडा हातात तसाच. अन् तिसरा..."

"थापाड्या आहे हो माझा भाऊ!" अक्का मोठ्यानं म्हणाली. पडद्यापलीकडची माणसं वळली. "सगळ्या तालुक्याला विचारा. ह्यानं मगरीला मांडीवर झोपवलीय, वाघाच्या मिशा कातरल्यात. ह्याचं काय धरता तुम्ही? ते कुणी मेले नव्हते. देवानं नेले. आमच्यात त्यांना मेले म्हणत नाहीत. त्यांचं सुतक धरत नाहीत. वीर होतात ते!"

"मामा, काहीही काय बोलता!" निवृत्तीही चिडला. "घरची गोष्ट आहे ती. देव्हाऱ्यातल्या देवाला तुम्ही दवाखान्यात आणता?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. "तिसरा कोण?"

"एकनाथ. ह्याचा थोरला भाऊ. हिचा पोटचा." मी अक्काकडे बोट केलं नाही, पण बोट केल्यासारखंच झालं ते. "धुळवडीलाच. वीर हातात होते. देवळाच्या पायरीशी पडला. लोक म्हणाले, चुलत्यानं पुतण्याला बोलावून घेतलं. गुरवानं भंडारा लावला. बारा गावचे लोक पाया पडून गेले."

"तुम्ही होतात तिथं?"

"होतो."

"आधी काही तक्रार होती त्याची?"

इथं मला कुणीही सांगावं, मी काय करायला पाहिजे होतं. माझ्याजवळ गोष्टींचा कधी तोटा पडला नाही. आणि एकनाथची गोष्ट तर तयारच होती, गावानं घोटून घोटून गुळगुळीत केलेली. पडताना त्याच्या तोंडावर उजेड पडला होता, नदीचं पाणी चढलं होतं, आंब्याला अवेळी मोहोर आला होता. मला ती पाठ होती. पण त्या सकाळी तो आईशी काहीतरी बोलला होता, एवढंही मला ठाऊक होतं. वैजू बाकावर बसून पाय हलवत होती आणि तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून तारांच्या चिकटपट्टीचे लाल गोल दिसत होते.

"मला नका विचारू," मी म्हटलं. "त्याच्या आईला विचारा."

डॉक्टरीणबाई अक्काच्या पुढं खाली बसल्या. फरशीवरच, तिचे दोन्ही हात हातात घेऊन. "आजी. तुमच्या देवाला मी काही म्हणत नाही. मला फक्त या मुलीचं बघायचंय. एकनाथच्या छातीत दुखायचं का?"

 निवृत्ती म्हणाला, "सांग ना आई, नव्हतं म्हणून. सांग आणि चल. अंधाराच्या आत होळी पेटवायचीय."

अक्काची मान हलायला लागली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणून नव्हे, म्हातारीची हलते तशी.

"त्या दिवशी सकाळी म्हणाला," ती म्हणाली. "आई, छातीत कोंबडं फडफडल्यावानी होतंय. आज मी नको नाचू का?"

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात सोडले नाहीत.

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओवा दिला. म्हटलं पुरण बाधलं असंल. अन् म्हटलं, घरात कर्ता पोरगा असताना वीर दुसऱ्याच्या हातात कसे द्यायचे? लोक काय म्हणतील? त्यानं ओवा खाल्ला. माझ्या पाया पडला. अन् गेला."

निवृत्ती आईकडे असा बघत होता, जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. इतकी वर्षं ज्याच्यापुढं उदबत्ती लावली तो त्याचा भाऊ होता, आणि भावाच्या छातीत दुखत होतं, हे त्याला त्या क्षणी, त्या कॅज्युअल्टीत, कुऱ्हाडवाल्याच्या बोंबलण्यात कळलं.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि फोनकडे गेल्या. मोठे डॉक्टर परत आले तेव्हा त्यांच्याशी बाई कडाक्यानं भांडल्या. "तीन मृत्यू आहेत, सर. एका घरात." मोठ्या डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

कुलकर्णी डॉक्टर कपाळावर गुलाल घेऊन आले. मशीन लावलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघडझाप करत होतं. बराच वेळ बघून ते म्हणाले, हृदयाची भिंत जाड आहे. पळाली की रक्त अडतं. कधीही काहीही होऊ शकलं असतं. हा घराण्यात उतरणारा आजार आहे, वडिलांचीही तपासणी लागेल. आणि मग डॉक्टरांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "आधीचे जे गेले, त्यांना कधी दाखवलं नव्हतं का कुणाला?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. त्या अक्काजवळ गेल्या. "आजी, मनाला लावून घेऊ नका. त्या काळी कुणालाच कळलं नसतं. तुम्ही दवाखान्यात आणलं असतं तरी काही झालं नसतं."

खरं असेल, नसेल. मला ती थाप वाटली, आणि पट्टीचा थापाड्या म्हणून सांगतो, चांगली होती. पण अक्कानं ती घेतली नाही.

वैजूला त्या दिवसापासून गोळ्या लागल्या. तालुक्याची मॅच गेली, पुढच्या सगळ्याच मॅचेस गेल्या. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आता ती पुण्याला असते, नोकरी करते, तिच्या बरगडीखाली डॉक्टरांनी एक छोटं यंत्र बसवलंय. मला फोन करते तेव्हा म्हणते, "आजा, मगरीचं पुढं काय झालं?" मी दर वेळी वेगळं सांगतो. निवृत्तीच्याही छातीत तेच निघालं. तो जपून राहिला, जगला. त्यांच्या घरचे वीर त्या वर्षी निघाले नाहीत, नंतरही नाहीत. गावानं आधी विनवण्या केल्या, मग वाळीत टाकल्यासारखं केलं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं तर लोक म्हणाले, वीर कोपले. बोराड्यांच्या म्हातारीनं देव बाटवला. अक्का कुणाला उत्तर देत नसे. ती देव्हाऱ्यासमोर बसायची, पण हात जोडायची नाही. कुणापुढं जोडायचे? तिथं आता एक पोरगं होतं, ज्यानं तिला विचारलं होतं, आज मी नको नाचू का.

मला भाऊबीजेला बोलावणं यायचं बंद झालं. आपण होऊन गेलो तर ताट वाढायची, ओवाळायची नाही. ती गेली तेव्हा मी खांदा दिला. पण बोलणं म्हणाल तर त्या होळीच्या संध्याकाळनंतर आम्हा बहीणभावांत धड एक वाक्य झालं नाही.

त्या संध्याकाळी पोरीला वर वॉर्डात नेलं. निवृत्ती तिच्याबरोबर गेला. मी दवाखान्याच्या आवारात जीपला टेकून उभा होतो. गावात होळ्या पेटायला लागल्या होत्या, लांबून बोंबा ऐकू येत होत्या. अक्का पायऱ्या उतरून आली. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. मी तयारच होतो.

"वाचली ना गं पोर," मी म्हटलं.

"वाचली," ती म्हणाली. "बरं केलंस."

तिनं जीपच्या बॉनेटवर हात ठेवला.

"जन्मभर थापा मारल्यास रंग्या," ती म्हणाली. "वाघाच्या, मगरीच्या. बाईनं मला विचारलं तेव्हा तूच म्हणायचं होतंस, 'त्यानं मलाच सांगितलं होतं, अक्काला ठाऊकच नव्हतं.' पोर तरी वाचलीच असती. अन् निवृत्तीला कधी कळलं नसतं. तेवढी एक माझ्यासाठी सुचली नाही तुला?"